समोरच्या गच्चीवरचा कॅमेरा: पापाराझींना कायदा कुठे अडवतो आणि कुठे नाही

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी आलिया भटने इन्स्टाग्रामवर एक प्रकार सांगितला. ती मुंबईत आपल्या घरी, दिवाणखान्यात बसली होती. कोणीतरी बघतंय असं वाटून तिने मान वर केली, तर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर दोन माणसं कॅमेरा तिच्या घराकडे रोखून उभी. हे फोटो एका वृत्तसंकेतस्थळावर लागले होते. तिने मुंबई पोलिसांना टॅग केलं, सिनेसृष्टीतल्या अनेकांनी तिची बाजू घेतली, आणि फोटो उतरवण्यात आले.

त्या दिवसांत बहुतेकांचं मत एकच होतं: हे सरळसरळ बेकायदा आहे. आपल्याला तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण नेमका कोणता कायदा मोडला, असं विचारलं की गाडी अडते. म्हणून तो एक फोटो घेऊन आपण कायद्याची कलमं एकेक करून तपासू. भारतात खासगीपणाचं संरक्षण किती आहे आणि कुठे संपतं, ते त्यातून लख्ख दिसतं.

पहिलं कलम चोरून पाहण्याचं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कारानंतर २०१३ मध्ये कायदा बदलला आणि भारतीय दंड संहितेत कलम ३५४-सी आलं. आता तेच भारतीय न्याय संहितेत कलम ७७ आहे. स्त्रीचं ‘खासगी कृती’ करतानाचं चित्रण केलं तर पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षांची शिक्षा. कायदा कडक आहे, पण खासगी कृती म्हणजे काय हे त्याने बारकाईने ठरवून दिलंय: शरीराचे खासगी भाग उघडे असणं किंवा फक्त अंतर्वस्त्रांत असणं, शौचालयाचा वापर, किंवा लैंगिक कृती. रोजच्या कपड्यांत सोफ्यावर बसणं यात येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई हेही शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतंच आहे.

मग पाठलागाचं कलम? ते लागू व्हायला पाठलाग करणाऱ्याने त्या स्त्रीशी वैयक्तिक जवळीक साधण्यासाठी, तिची इच्छा नसताना, वारंवार संपर्काचा प्रयत्न करावा लागतो. गच्चीवरच्या माणसाला जवळीक नको होती, त्याला फोटो हवा होता. त्यातल्या त्यात जवळ जातं ते जुनं कलम ५०९, आताचं ७९. त्यात स्त्रीच्या खासगीपणावर अतिक्रमणाचा स्पष्ट उल्लेख आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मात्र विनयाचा अपमान करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला सांगेल की अशिलाचा हेतू धंद्याचा होता, अपमानाचा नव्हता.

घुसखोरी म्हणावी तर ती माणसं तिच्या घरात शिरलीच नव्हती. विनापरवानगी चढली असतील तर ती शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवर, म्हणजे त्याची तक्रार करण्याचा हक्क त्या सोसायटीचा. चोरून पाहण्याचं, पाठलागाचं आणि विनयाचं ही तिन्ही कलमं फक्त स्त्रीला संरक्षण देतात. त्या खिडकीत एखादा नट असता, किंवा त्याचा चार वर्षांचा मुलगा, तर तेवढाही आधार उरला नसता.

राहिली राज्यघटना. १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माणसाला ‘एकटं सोडलं जाण्याचा’ हक्क मान्य केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. निकाल मोठा आहे, त्याचं महत्त्व कमी लेखायचं कारण नाही. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध चालतो. गच्चीवरच्या खासगी छायाचित्रकाराविरुद्ध दिवाणी दावा लावावा लागतो, मनाई हुकूम मागावा लागतो, नुकसानभरपाई सिद्ध करावी लागते. तोवर फोटो हजारो फोनवर पोचलेला असतो.

प्रेस कौन्सिल आहे की, असं कोणी म्हणेल. १९७८ च्या कायद्याने बसवलेल्या या संस्थेची पत्रकारितेच्या वर्तनाची मानकं चांगली आहेत आणि त्यांत खासगीपणाबद्दलही नीट लिहिलंय. पण तिची हद्द वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरती, आणि अधिकार ताशेरे ओढण्यापुरते. इन्स्टाग्रामवर पेज चालवणारा छायाचित्रकार त्या हद्दीत येत नाही.

मात्र एका बाबतीत न्यायालयं झटपट हलतात. अमिताभ बच्चन (२०२२), अनिल कपूर (२०२३), मुंबई उच्च न्यायालयात अरिजीत सिंग (२०२४) अशा अनेकांना आपलं नाव, आवाज आणि चेहरा परवानगीविना वापरण्याविरुद्ध मनाई हुकूम मिळाले. कोणी तुमचा चेहरा वापरून टी-शर्ट विकत असेल किंवा एआयने तुमच्या आवाजात गाणं बनवत असेल, तर कायदा धावून येतो. ते योग्यच आहे. पण मला हे खटकतं की आज प्रसिद्ध माणसाच्या चेहऱ्याचा बाजारभाव सुरक्षित आहे आणि त्याची घरातली दुपार नाही.

आता पापाराझींचा, म्हणजे प्रसिद्ध माणसांचे फोटो टिपत फिरणाऱ्यांचा, हा धंदा चालतो कसा ते बघू, कारण तो समजल्याशिवाय नियम कुणावर घालायचा हे कळत नाही.

मुंबईत याच्या ठरलेल्या जागा आहेत: विमानतळाचं टर्मिनल दोन, वांद्रे-खारमधल्या जिमची आणि सलूनची दारं, जुहूतले बंगले, सिनेमाच्या खास खेळांची थिएटरं. पोरं मोटरसायकलवर असतात. गाडीचा नंबर ओळखीचा असतो, वॉचमन ओळखीचा असतो, आणि कित्येकदा कलाकाराच्या पीआर टीमचाच मेसेज आलेला असतो की मॅडम इतक्या वाजता जिममधून निघतील. गाडीचं दार उघडलं की “मॅम, इधर, एक बार इधर” असा गलका होतो, मॅडम थांबतात, हसतात, हात हलवतात. दोन-तीन मिनिटांत सगळं उरकतं आणि गाडी वळणाआड जाण्याआधी व्हिडिओ अपलोड झालेला असतो.

म्हणजे फोटो दोन जातींचे आहेत, बोलावून काढलेला आणि चोरून काढलेला. फोनच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यातूनच तो नेहमीचा युक्तिवाद येतो: “तुम्हीच बोलावता, मग तक्रार कसली?” हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण मला तो पटत नाही. संमती ही त्या जागेपुरती आणि त्या वेळेपुरती असते. विमानतळावर कॅमेऱ्यासमोर थांबलेल्या बाईने आपल्या वडिलांच्या अंत्ययात्रेत माईक पुढे करायची परवानगी दिलेली नसते. सप्टेंबर २०२४ मध्ये मलायका अरोराच्या वडिलांचं निधन झालं तेव्हा आणि जून २०२५ मध्ये शेफाली जरीवाला गेली तेव्हा वरुण धवनने जाहीरपणे हेच विचारलं होतं: शोक करणाऱ्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा का धरायचा?

पूर्वी छायाचित्रकार फोटो काढायचा आणि तो मासिक किंवा वर्तमानपत्र विकत घ्यायचं. मध्ये एक संपादक असायचा. तो चांगला असेल वा वाईट, पण ‘हा छापायचा का’ हा प्रश्न विचारायला एक माणूस होता आणि त्याच्या नावावर दावा लावता येत होता. आता मोठ्या पापाराझींची स्वतःची पेजेस आहेत, त्यांचे लाखो फॉलोअर आहेत आणि तिथे सिनेमांची, ब्रँडची, दुकानांची पैसे घेऊन प्रसिद्धी होते. फोटो काढणारा, निवडणारा आणि प्रसिद्ध करणारा एकच. अनेक पोरांना स्पर्धेत मिनिटभरही थांबणं परवडत नाही. माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात मोठा बदल हाच आहे, आणि आपले नियम अजून संपादकाच्या काळातले आहेत.

थांबून खातरजमा करणारं कोणी नसलं की काय होतं, ते आपण मराठी वाचकांनी अगदी जवळून पाहिलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यातल्या रुग्णालयात अत्यवस्थ होते. २३ तारखेच्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी फिरली, मोठमोठ्यांनी श्रद्धांजली वाहिली. घरच्यांना त्या अवस्थेत पुढे येऊन सांगावं लागलं की ते जिवंत आहेत, व्हेंटिलेटरवर आहेत. ते गेले २६ तारखेला. तीन वर्षांनी, ११ नोव्हेंबर २०२५ रोजी, धर्मेंद्र यांच्याबाबत तेच झालं. वाहिन्यांनी निधन जाहीर केलं आणि ईशा देओलला इन्स्टाग्रामवर वडिलांची प्रकृती स्थिर असल्याचं लिहावं लागलं. घरी आणल्यावर जुहूच्या बंगल्याबाहेर कॅमेऱ्यांची गर्दी इतकी झाली की सनी देओल बाहेर येऊन, हात जोडून, चिडून बोलला. धर्मेंद्र २४ नोव्हेंबरला गेले. ज्या कुटुंबाने ते दिवस रुग्णाजवळ घालवायचे, त्याला खुलासे करावे लागले.

इतर देशांनी काय केलं? या चर्चेत डायनाचं नाव निघतंच. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसच्या बोगद्यात अपघात झाला, गाडीमागे छायाचित्रकार होते. फ्रान्समध्ये त्यांच्यावरचा मनुष्यवधाचा आरोप १९९९ मध्ये रद्द झाला. लंडनमध्ये एप्रिल २००८ मध्ये चौकशीच्या ज्यूरीने मद्यधुंद चालक आणि पाठलाग करणारी वाहनं या दोहोंच्या घोर निष्काळजीपणाला जबाबदार धरलं. दोष एकट्या कॅमेऱ्यावर टाकता येत नाही आणि कॅमेऱ्याला मोकळंही सोडता येत नाही, असा तो निकाल.

त्या मृत्यूनंतर सगळ्यात कामाचा कायदा केला तो कॅलिफोर्नियाने, १९९८ मध्ये. त्यातली कल्पना साधी पण धारदार आहे. जो फोटो दुसऱ्याच्या हद्दीत शिरल्याशिवाय मिळालाच नसता, तो लांब पल्ल्याच्या लेन्सने बाहेरून मिळवला, तरी हद्दीत शिरल्यासारखंच धरायचं. गच्चीवरचा आपला फोटो यात नेमका सापडतो. नुकसानभरपाई तिपटीपर्यंत, त्या फोटोतून कमावलेले पैसे काढून घेता येतात, आणि फोटो काढायला पाठवणाराही जबाबदार. पुढे दुरुस्ती करून, बेकायदा मार्गाने मिळवलेला आहे हे माहीत असून असा फोटो प्रथम विकत घेऊन छापणाऱ्यालाही त्यात आणलं. २०१० मध्ये फोटोसाठी बेफाम गाडी हाकण्याला वाढीव शिक्षा आली, २०१३ मध्ये आईबापांच्या पेशामुळे मुलांना सतावण्याला. त्या दुसऱ्या कायद्यासाठी अभिनेत्री हॅली बेरी स्वतः विधिमंडळासमोर बोलली होती.

कायद्याने सगळं थांबलं असं नाही. १ जानेवारी २०१३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जस्टिन बीबरच्या फेरारीचा फोटो काढून रस्ता ओलांडणारा एक छायाचित्रकार गाडीखाली सापडून मेला. त्या फेरारीत बीबर नव्हताच. या धंद्यात जीव छायाचित्रकारांचेही जातात, हे बोलताना विसरलं जातं. नियम त्यांनाही वाचवू शकतो: सगळ्यांनाच पाठलाग बंद असेल, तर मागे राहण्याची भीती कुणालाच उरत नाही.

युरोपचा रस्ता वेगळा. मोनॅकोची राजकन्या कॅरोलिन हिचे घोड्यावर बसलेले, बाजारहाट करतानाचे फोटो जर्मन मासिकं छापत होती. जर्मनीच्या न्यायालयांचं म्हणणं, एवढ्या प्रसिद्ध व्यक्तीने सार्वजनिक जागेतले फोटो सोसले पाहिजेत. २००४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते फिरवलं आणि विचारलं: या फोटोमुळे सार्वजनिक हिताच्या कुठल्या चर्चेत भर पडते? निव्वळ कुतूहल भागत असेल, तर खासगीपणा वरचढ. मला विशेष वाटतं ते पुढे काय झालं याचं. २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने, त्याच कॅरोलिनच्या बर्फावर सुटीला गेल्याच्या एका फोटोला परवानगी दिली, कारण सोबतचा मजकूर तिच्या वडिलांच्या, म्हणजे राज्य करणाऱ्या राजाच्या आजारपणाबद्दल आणि कुटुंबीय त्या काळात कसे वागले याबद्दल होता. कसोटी तीच, उत्तर वेगळं. फोटोत कोण आहे यावर ते ठरलं नाही, फोटो कशासाठी आहे यावर ठरलं.

दंड मात्र टोचेल इतका असावा लागतो. अमली पदार्थ सोडवण्याच्या बैठकीतून बाहेर पडणाऱ्या मॉडेल नेओमी कॅम्पबेलचा फोटो ब्रिटनमध्ये छापला गेला. ती २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, जाऊन जिंकली आणि भरपाई मिळाली ३,५०० पौंड. एवढी रक्कम एखादं दैनिक खर्चात धरून चालतं.

मग आपणही कडक कायदा करून टाकावा का? इथे मी सावध आहे. अभिव्यक्तीस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी बंधन घालता येतं ती यादी घटनेच्या कलम १९(२) मध्ये आहे: देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान वगैरे. खासगीपणा हा शब्द त्यात नाही. न्यायालयं कलम २१ (जगण्याचा हक्क, ज्यात खासगीपणा धरला जातो) समोर ठेवून तोल साधतात, तो दर खटल्यात नव्याने. आणि ढिसाळ शब्दांत कायदा केला, तर सगळ्यात आधी तो वापरेल कंत्राटदाराच्या फार्महाउसवर टिपला गेलेला मंत्री. नटीच्या खिडकीसाठी केलेल्या कायद्याने पत्रकाराचा कॅमेरा बंद पडायला नको.

तोल साधता येतो, याचं उदाहरण मुंबई उच्च न्यायालयातच आहे. जुलै २०२१ मध्ये पतीच्या अटकेनंतर शिल्पा शेट्टीने माध्यमांविरुद्ध दावा लावला. न्या. गौतम पटेल यांनी सरसकट तोंडबंदी नाकारली; पोलिसांच्या हवाल्याने दिलेली बातमी ही बदनामी नव्हे, असं सांगितलं. पण तिच्या आई असण्यावर घसरणारे काही व्हिडिओ हटवायला लावले. तपासाची बातमी चालू राहिली, मुलांना त्यातून बाजूला काढलं.

सध्या आपल्याकडे खरा आवर घालते ती विनंती. जानेवारी २०२१ मध्ये मुलगी झाल्यावर विराट-अनुष्काने छायाचित्रकारांना भेटवस्तू पाठवून तिचा फोटो न काढण्याची विनंती केली, आणि बहुतेकांनी ती पाळली. रणबीर-आलियाने मुलगी राहासाठी तीच विनंती केली. जानेवारी २०२५ मध्ये घरात चाकूहल्ला झाल्यावर सैफ-करीनानेही मुलांचे फोटो काढू नका असं सांगितलं. तोवर तैमूर बोलायला लागण्याआधीपासून कॅमेऱ्यांसमोर होता. ज्या छायाचित्रकारांनी शब्द पाळला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण ही मेहरबानी आहे, हक्क नाही, आणि ती वजनदार माणसालाच मिळते. मालिकेत काम करणाऱ्या एखाद्या मराठी अभिनेत्रीचं मूल शाळेच्या दारात टिपलं, तर ती कुणाला भेटवस्तू पाठवणार? २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर रिया चक्रवर्तीभोवती माईकची झुंबड उडाली, तिच्या इमारतीत सामान द्यायला आलेल्या माणसालाही पत्रकारांनी गाठलं. तिच्याकडे ते वजन नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये माध्यमांनीच चालवलेल्या त्या खटल्यावर कडक शब्दांत लिहिलं, मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. मधली वर्षं तिला कोण परत देणार?

म्हणून मला अरुंद पण स्पष्ट कायदा हवा आहे. घर, रुग्णालय, स्मशान आणि मुलांची शाळा या जागांचं संरक्षण लेन्स कुठे उभी आहे यावर अवलंबून नसावं आणि ते स्त्री-पुरुष दोघांना असावं. गाडीचा पाठलाग आणि वाट अडवणं हा स्वतंत्र गुन्हा असावा. मुलाचा चेहरा पालकांच्या संमतीशिवाय दाखवता येऊ नये. भरपाई फोटोतून झालेल्या कमाईशी जोडावी, आणि ती बाइकवरच्या पोराकडून न घेता पेजच्या मालकाकडून आणि ते फोटो पुढे चालवणाऱ्या संकेतस्थळाकडून घ्यावी. आणि सार्वजनिक हिताचा अपवाद ठळक असावा, तो सरकारी अधिकाऱ्याने न ठरवता न्यायालयाने ठरवावा.

आता अशा फोटोंची आपली भूक. तिच्यावर कायदा होत नाही आणि होऊ नये. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे जाणून घ्यायची ओढ माणसाला पहिल्यापासून आहे. गावच्या पारावर हेच बोललं जायचं. पण पारावर बोलणारा कोण हे सगळ्यांना माहीत असायचं आणि खोटं बोलला तर संध्याकाळी त्याला जाब विचारता यायचा. आज ‘या’ अभिनेत्रीचा घटस्फोट? अशा मथळ्यामागे कोण आहे ते कळत नाही. त्या मथळ्यात नाव नाही ते आपण बोट लावावं म्हणून, आणि प्रश्नचिन्ह आहे ते अंगावर येऊ नये म्हणून. प्रश्नचिन्ह लावलं की सुटलो, हे कायद्याच्या दृष्टीने चूक आहे. आडून सुचवलेली किंवा उपरोधाने म्हटलेली गोष्टही बदनामी ठरू शकते, हे बदनामीच्या कलमातच लिहिलंय. आणि बोट लावलं की यंत्राला कळतं की हा विषय चालतो. पुढचे दहा मथळे तसेच येतात. आपण रागाने उघडलं की आवडीने, ते यंत्र वेगळं मोजत नाही. आलियाच्या त्या फोटोंचा निषेध करण्यासाठी ज्यांनी तेच फोटो पुढे पाठवले, त्यांनीही ते पसरवलेच.

आणि हे आता फक्त ताऱ्यांपुरतं राहिलेलं नाही. लग्नात नाचणारी काकू, लोकलमध्ये भांडणारी मुलगी, रुग्णालयात रडणारा बाप, कुणाचाही व्हिडिओ निघतो आणि फिरतो. तुमच्या घरातल्या कुणाच्या बाबतीत असं झालं, तर माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ प्रमाणे प्रत्येक समाजमाध्यमाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि दुसऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण करणारा मजकूर या नियमांत बसत नाही. आधी पोस्टचा दुवा आणि तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा, मग त्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. त्यासाठी वकील लागत नाही.